दुसऱ्या बंदराचा वारा

— नाही, ते गळ परत ठेवा, खोक्यातच ठेवा, उद्या तुम्हाला ते लागायचे नाहीत. मी दुकानदार माणूस, आणि हातात घेतलेला माल मीच परत ठेवायला सांगतोय, म्हणजे काहीतरी कारण असेल ना? बसा. स्टूल ओढा — तो नको, त्याचा एक पाय डुगडुगतो, त्याच्यावर मी हुज्जत घालणाऱ्यांना बसवतो, लवकर उठतात. हा घ्या. नवी होडी, नवं रीळ, उद्या सुट्टी — समजतं मला, माणूस उतावळा होतोच. पण हे बघा, इथं, माझ्या फोनवर. आकडा दिसतोय? मी मोठा करून ठेवलाय, चष्म्याचं काम नको म्हणून. उद्या सकाळी लाट दोन मीटर चाळीस. दुपारी त्याच्याही वर. आणि रंग बघा, लालभडक. तुमची होडी कोणती, जाळीवाल्याकडून घेतलीत ती निळी ना? ओळखतो मी तिला. स्वभावानं गरीब आहे बिचारी, कुणाला बुडवायची नाही, पण दोन-चाळीसमध्ये तिला नेणं म्हणजे म्हाताऱ्या मावशीला कुस्तीला उतरवण्यातला प्रकार. उद्या मुकाट्यानं घरी झोपा. मीही उद्या इथून हलणार नाही. मस्त दिवस आहे उद्या — मस्त म्हणजे, वाईट. वाईट दिवस आहे. चहा घेणार? घ्या हो, मी टाकतोच आहे.

आता दोन-चाळीस म्हणजे काय, तेवढं समजून घ्या, आलाच आहात तर. नवीन माणसाला वाटतं, दोन-चाळीस म्हणजे सगळ्या लाटा मापून कापल्यासारख्या दोन-चाळीसच्या. तसं नसतं. येणाऱ्या लाटांतल्या थोराड थोराड बाजूला काढायच्या, तिनांतली एक अशा हिशेबानं, आणि फक्त त्यांची सरासरी धरायची — तो हा आकडा. म्हणजे पुष्कळ लाटा याच्यापेक्षा बारक्या असणार, आणि मधूनच एखादी याच्या जवळजवळ दुप्पट. ती कधी येणार? ते नाही कुणी सांगत. दुकानाचंच घ्या की. माझ्याकडचं गिऱ्हाईक सरासरी चहा निवेपर्यंत थांबतं. काही तर उंबऱ्यावरूनच विचारतात, दोरा आहे का, आणि चालू लागतात. पण एखादा असा येतो की दुपारी टेकला तो दिवे लागेपर्यंत — तुम्ही नाही हो! बसा, बसा. तुम्हाला मीच बसवलंय. सांगायचं एवढंच की होडी सरासरीवर नाही चालत. होडीला त्या एका दुप्पट लाटेवरून पलीकडं निघावं लागतं.

आणि नुसती उंची बघून भागत नाही. उंचीच्या शेजारी हा दुसरा आकडा, सेकंदांचा, हा दिसतो का? एक लाट गेली की दुसरी यायला किती वेळ, ते हे. मी त्याला फुरसत म्हणतो. एक मीटरची लाट आहे, आणि फुरसत दहा सेकंदांची — मग काय, पाळणा आहे, होडी वर जाते, खाली येते, माणसाला पेंग येते. तीच एक मीटर, पण चार-चार सेकंदांनी — मग पायऱ्यांवरून हातगाडी उतरवल्यासारखं. कोपऱ्यावरचा न्हावी आहे ना, तुमच्या खोलीच्या खालचाच — त्याला विचारा. विचारू नका, चिडतो. त्यानं एकदा नुसती उंची बघितली, मीटरभरसुद्धा नव्हती, निघाला शीळ घालत. सेकंद चार होते. मी ओरडतोय इथून, अरे बाबा फुरसत बघ, फुरसत! म्हणतो, तुम्हा दुकानदारांना सगळ्यात खोट दिसते. आला परत तो हिरवा होऊन. इथं, या इथं फरशीवर आडवा झाला, म्हणाला, मला हलवू नका, फरशी हलतीये. मी म्हटलं, फरशी माझ्या बापाच्या वेळची आहे, अजून तरी हललेली नाही. दुसऱ्या दिवशी मी केस कापायला गेलो, तर त्याचा हात अजून त्याच चार सेकंदांवर चाललेला. महिनाभर माझी डावी बाजू उजवीपेक्षा वर होती. कुणी विचारलं की सांगायचो, लाटेचा आकडा आहे.

साखर? एकच? बरं.

मग वारा. वाऱ्यात दोन गोष्टी बघायच्या, एक त्याचा जोर आणि एक त्याचे झोत. जोर वीस लिहिलेला असतो आणि झोत पस्तीस. नवीन माणूस वीस वाचतो, खूश होतो. टोपी नेतो तो पस्तीसवाला. आणि दिशा — दिशेत तर भले भले फसतात. वारा ओळखायचा तो कुठून आला त्यावरून. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. पण पाण्याची ओढ ओळखायची ती कुठं चालली त्यावरून. पश्चिमेची ओढ म्हणजे पश्चिमेकडं नेणारी. उलटंपालटं. कुणी केलं असं, देव जाणे, पण आहे तसं आहे. दोन साडू होते इथं, एक शिंपी, एक किराणावाला, दोघांचं कशावरच एकमत नाही, एका होडीवर मात्र झालं. निघाले. एक म्हणतो, फोनवरचा बाण जिकडं दाखवतोय तिकडून वारा येणार. दुसरा म्हणतो, तिकडं जाणार. भांडण रंगलं, इंजिन बंद करून भांडायला लागले, का तर नीट ऐकू यावं. आणि वारा होता जमिनीकडचा. जमिनीकडचा वारा मोठा लबाड हो — किनाऱ्याजवळ पाणी कसं सपाट, इस्त्री केल्यासारखं, आणि तुम्हाला हळूहळू बाहेर नेतो, तुम्हाला कळतही नाही. यांना कळलं तेव्हा आमची पाण्याची टाकी काडेपेटीएवढी दिसत होती. दोर बांधून आणलं दोघांना. एक पुढं नाळेवर, एक मागं, तोंडं विरुद्ध दिशेला. अजून बोलत नाहीत. त्यांच्या बायका, सख्ख्या बहिणी, त्या बिचाऱ्या माझ्या दुकानात भेटतात.

माणसांचंही तसंच आहे म्हणा. पोरगी लहान असली की लोक विचारतात, कुणाची गं तू? मोठी झाली की विचारतात, कुठं असते सध्या? मला आता सगळे तेच विचारतात. कुठं असते लेक? मी सांगतो. — हो, एकच. ती काय, तो फोटो तिचाच, रिळांच्या वर. हातात पाना आहे तो. ती बंदरावर दिव्यांचं काम करते, पाण्यावर तरंगते दिवे असतात ना, जहाजांना वाट दाखवणारे, त्यांची देखभाल. छोट्या होडीतून जायचं, त्या दिव्याला होडी लावायची, वर चढायचं, एका हातानं कठडा धरायचा, दुसऱ्या हातानं दुरुस्ती. बापाला कसं वाटत असेल? बापाला छान वाटतं. हे सगळं तिला शिकवलं कुणी — याच फरशीवर, खडूनं. मी लाटा काढायचो, ती त्यात होडी काढायची, आणि मी विचारायचो, आता फुरसत किती? शाळेत जायच्या आधीपासून तिला वाऱ्याची दिशा कळायची. आमची ही ओरडायची, अहो, तिला आधी डावा-उजवा बूट तरी कळू द्या.

तर ते जाऊ द्या. उद्या तुम्ही नाही जायचं.

— काय? तुमच्या फोनवर अर्धा मीटर? दाखवा. काहीतरी चुकतंय तुमचं. नाही, तुमचं नाही, फोनचं. दहा ठिकाणी दहा आकडे असतात, कुणी जुना दाखवतं, कुणी भलत्याच तासाचा. अंदाज कसा असतो, सकाळी एक ताजा येतो, संध्याकाळी एक ताजा येतो, मधल्या वेळेत शिळाच उगाळतात सगळे. माझा दुपारपासून मी — किती वेळा बघितला असेल. पाठ आहे मला. दोन-चाळीस, आठ सेकंद, वारा समुद्रावरून चाळीसचा, झोत पंचावन्न. परवापर्यंत तसाच. दोन दिवस! होडी काढायचं नावच नको. — बाहेर? बाहेर शांत आहे, दिसतंय की मला, खांबावरचं फडकं आमटीतल्या कढीपत्त्यासारखं मलूल पडलंय. वादळाच्या आधी असतं तसं. नेहमी नाही, पण असतं. — मी? खूश? छे हो. मी असाच असतो. खूश कशाला असेन. लोकांचा धंदा बुडतो वाईट दिवसाला, माझा पण बुडतो. उद्या वल्ह्याची एक दोरीसुद्धा खपायची नाही. ते सोडा, चहा घ्या, निवतोय.

वरती काय? कुठं वरती? — आकड्याच्या वरती. तिथं नाव असतं, जागेचं. बारीक असतं ते, ते नाही मोठं होत, बाकी सगळं होतं. काय लिहिलंय? चष्मा… इथंच होता… डोक्यावर? हां, डोक्यावरच. बघू.

…

अच्छा.

हे तिचं बंदर आहे हो.

हसा, हसा. मीही हसलो असतो. न्हाव्याला नका सांगू तेवढं. — काय झालं, हा फोन तिनंच दिलाय. दोन्ही जागा तिनंच भरून दिल्या आत. म्हणाली, बाबा, हे वरचं तुमचं, हे खालचं माझं. आता रोज खालचं बघायचं म्हणजे बोट सरकवा, मग ते दुसरंच काहीतरी उघडतं, म्हणून मी तिचं वर घेतलं. आपलं खाली. आपलं काय, दारातून डोकं बाहेर काढलं की दिसतं. उघडलं की तिचंच उघडतं आता. आणि मी तुम्हाला इतका वेळ — माफ करा. चांगल्या सुट्टीचं वाटोळं करत होतो तुमच्या.

थांबा, आपलं काढतो. हे बघा. आपलं. अर्धा मीटरसुद्धा नाही, फुरसत नऊ सेकंदांची. सकाळी वारा जमिनीकडचा, अगदी बेताचा. अहो, महिन्यात असा दिवस येत नाही! द्या ते गळ इकडं, बांधून देतो. शिसं घेतलंत का? आणखी घ्या थोडं, तळाला दगड आहेत, अडकतं, तुटतं. आता नीट ऐका, हे खरं इथलंच सांगतोय. सकाळी वारा जमिनीकडचा, दुपारकडं तो फिरणार, समुद्रावरून यायला लागणार. जमीन तापली की तो फिरतोच. मधे एक वेळ अशी येते की वाराच नसतो, पाणी तेलासारखं होतं, आणि माणसाला वाटतं, आता कुठं मजा येतेय. तीच परत निघायची वेळ. का? तर उद्या तेव्हाच ओहोटी लागलेली असेल. खाडीच्या तोंडाशी पाणी बाहेर निघालेलं आणि वारा आत येणारा, दोघं समोरासमोर, आणि मधे लाट उभीच राहते — भिंतीसारखी. अंदाजात ती नसते बरं. अंदाज मोठ्या समुद्राचा असतो, आपल्या खाडीच्या तोंडाशी काय चालतं हे त्याला नाही माहीत. तेवढं आपणच बेरीज करून घ्यायचं. तर वारा पडला की गुंडाळायचं. गळाला मासा असला तरी. आणि एकट्यानं जायचं नाही. ती निळी पाण्यात लोटायला दोघं लागतात, आणि परत वर घ्यायलाही दोघंच लागतात. कोण आहे बरोबर? — कुणीच नाही?

मी?

नाही हो. मी कुठं. — हो, बूट माझेच ते. दाराशी लटकलेत ते. पोरगी आणि मी जायचो. आता कोळ्यानं जाळं लावलंय त्यात, बघा. नको, ओढू नका, राहू द्या त्याला. — नाही, तब्येतीचं काही नाही, तब्येत ठणठणीत. उद्या माल यायचाय. — सुट्टी आहे, बरोबर, सुट्टीच्या दिवशी कसा येईल. येतो कधी कधी.

तसं नाही. खाडीच्या तोंडाशी तो मोठा दगड आहे ना, त्याच्या पुढं रेंज नाही. म्हणजे बाहेर गेलं की फोन लागत नाही. आणि उद्या — मघाशी बघितलंत ना तुम्ही, तिकडं दोन-चाळीस. दोन मीटरच्या वर गेलं की त्यांची होडी निघत नाही. नियमच आहे तसा. मग ती दिवसभर त्या कार्यालयात बसलेली, हात रिकामे, चहावर चहा. आणि मग फोन करते. एरवी कुठून करणार? दिवसभर पाण्यावर, संध्याकाळी दमून जाते, घरी तिचा नवरा, पोर, स्वयंपाक. बाबा, नंतर करते, म्हणते. मी म्हणतो, कर की, घाई काय आहे. पण तिकडं वादळ आलं की आम्ही तासभरसुद्धा बोलतो. मागं चार दिवस लागोपाठ खवळलं होतं तिकडं, तर मी तिच्या खिडकीतून पाणी गळतं ते, नातवाचा दात पडला तो, सासूबाईंशी काय वाजलं ते — सगळं ऐकलं. नातवाशीसुद्धा बोललो. तो म्हणाला, आजोबा, तुमच्याकडं शार्क आहे का? मी म्हटलं, मागवतो. तिला मोठं आश्चर्य वाटतं, म्हणते, बाबा, तुम्ही पहिल्याच घंटीला कसे उचलता हो? मी म्हणतो, इथंच होतो, हिशेब करत होतो.

— मी नाही करत. मी कसा करणार? विचार करा, ती चढलेली असते वर, एक हात कठड्याला, एक हात कामात, आणि खिशात फोन वाजतो. बापाचा. दोनच हात आहेत हो पोरीला. संध्याकाळी? संध्याकाळी… केला होता एकदा. स्वयंपाक चालला होता. काय झालं बाबा, काय झालं, असं विचारलं तिनं, घाबरून. काही नाही झालं म्हटलं. मग काय बोलायचं? काही झालेलं नसलं की काय सांगायचं माणसानं? त्यापेक्षा वारा बरा. वाऱ्यानं आणलेला फोन असा सावकाश असतो.

तसं बघू नका माझ्याकडं. मी काही मागत नाही. कुठला बाप पोरीच्या बंदरावर वादळ मागेल? मी नुसतं बघतो. येणारच असलं तर कधी येतंय, एवढंच. ती जमिनीवर असते तेव्हा — सुरक्षितच असते ना उलट? तेच. उलट चांगलंच आहे. तिच्या आईलाही हेच सांगितलं असतं मी, ती असती तर. ती काय म्हणाली असती ते सोडा.

तर उद्या मला नाही जमायचं. तुम्ही असं करा, जाळीवाल्याला विचारा, तो येईल, होडी त्याचीच होती, तिचा जीव कुठं अडतो ते त्याला माहीत आहे. बोलतो फार, सांभाळून घ्या. हो — माझ्यापेक्षा जास्त, असतात अशी माणसं. आणि जाताना कुणाला तरी सांगून जायचं, अमुक वेळेला परत येतो म्हणून. हे फार महत्त्वाचं. अंदाज चुकला, इंजिन रुसलं, काहीही झालं, तरी किनाऱ्यावर एक माणूस असा हवा की ज्याला तुमचा उशीर कळेल. कुणाला सांगाल? घरी कोण — बरं. मग मला सांगा. मी इथंच आहे दिवसभर. आलात की या शटरवर एक थाप मारा, बास. आत नाही आलात तरी चालेल.

हे घ्या. गळ, शिसं, दोरा. पिशवी तळाशी ओली आहे, खालून धरा. — थांबा हां, वाजला. नाही, तिचा नाही. नवा आला वाटतं. संध्याकाळचा ताजा अंदाज. बघू, आपलं… आपलं तसंच आहे, छान आहे, काळजी नको. आणि तिकडचं…

एक-दहा.

एक-दहाच आहे ना हे? वाचा बरं, तुमचे डोळे तरुण आहेत. मघाशी तुम्हीही बघितलं होतंत ना दोन-चाळीस? लाल होतं. आता हिरवं. वाराही गेला. म्हणजे सरकलं सगळं, वरच्या वर निघून गेलं, बंदराला शिवलंच नाही. हं.

नाही, काही नाही. चांगलंच आहे हो. तिची कामं तुंबली असतील. दिवे बंद पडून कसं चालेल, जहाजं येतात-जातात. एक-दहाला ती सहज जाते, एक-दहा म्हणजे काहीच नाही तिला. फुरसत बघू… नऊ. मस्त. पाळणा आहे. चांगलं झालं.

— काय म्हणालात? उद्या? हो, आता तसं… बूट झटकले तर… नाही. नको. अंदाज आहे हो तो, त्याचं काय खरं. दुपारी दोन-चाळीस सांगत होता, आता एक-दहा सांगतोय. सकाळी परत ताजा येतो, बदलेल. बदलू शकतो. वारा आहे, फिरतो. कुणीतरी इथं असलेलं बरं. तुमच्यासाठीही, थाप मारायला.

जा तुम्ही, लवकर झोपा, पहाटे उठायचंय. कप तिथंच असू द्या, मी विसळतो. आणि जाताना दार ओढून घ्या, वारा येतो आत.

— नाहीये? अजिबात नाही?

बरं. तरी ओढून घ्या.